काल चालत होतं, आज 'नो सिग्नल': वर्गातला प्रोजेक्टर आणि लॅपटॉपची जोडणी

शाळेत एखाद्यावर 'तंत्रस्नेही शिक्षक' असा शिक्का बसला की मधल्या सुट्टीत सुखानं डबा खाणं संपलं. फोन येतात त्यातली निम्म्याहून जास्त तक्रार एकच असते: लॅपटॉप लावलाय, प्रोजेक्टर चालू आहे, पडद्यावर मात्र काही नाही. कधी कागलकडून, कधी पन्हाळ्याच्या पायथ्याच्या शाळेतून, कधी आमच्याच वरच्या मजल्यावरून. बोलणंही ठरल्यासारखं होतं.

"सर, काय दिसंना झालंय बघा."

"निळं आहे का काळं?"

"निळंच की. मधी कायतरी इंग्लिशमध्ये लिहिलंय."

"काय लिहिलंय ते वाचा बघू."

"थांबा... आत्ताच केबल काढली की, गेलं ते."

सगळं इथंच अडतं. पडदा कोरा दिसला की आपला हात आधी केबलकडे जातो. ती काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची, मग लॅपटॉप बंद करून चालू करायचा, तोवर कुणीतरी रिमोटची चार बटणं दाबलेली असतात. अर्धा तास असाच जातो. शेवटी चाललं तरी नक्की कशानं चाललं हे कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. म्हणून फोनवर मी दोनच गोष्टींचा आग्रह धरतो: आधी पडदा वाचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

पडदा काय सांगतोय

पडद्यावर उजेडच नसेल तर लॅपटॉपकडे बघायचं कारण नाही. प्रोजेक्टरवरचे छोटे दिवे बघा. तापमानाचा लाल इशारा लागला असेल तर बहुतेक वेळा हवेची जाळी धुळीनं भरलेली असते. आपल्याकडे खडूची पूड आणि रस्त्याची धूळ, दोन्ही भरपूर. जाळी काढून ब्रशनं झाडली की पुष्कळदा काम होतं. आणखी एक प्रकार लाईट जाऊन आल्यावर दिसतो. जुन्या, दिव्याच्या प्रोजेक्टरमधला दिवा गरम असताना पुन्हा पेटत नाही. लाईट दोन मिनिटांत आली तरी प्रोजेक्टर लगेच सुरू होत नाही, म्हणून लोक बटण दाबत बसतात. पाच-दहा मिनिटं त्याला गार होऊ द्या, तोवर फळ्यावर शिकवा. एलईडी किंवा लेझरच्या प्रोजेक्टरला ही भानगड नाही.

निळा पडदा आणि त्यावर 'नो सिग्नल' असेल तर प्रोजेक्टर ठणठणीत आहे. तो फक्त म्हणतोय की ज्या खिडकीत मी बघतोय तिथं काही आलेलं नाही. अशा वेळी आधी 'सोर्स' किंवा 'इनपुट', म्हणजे प्रोजेक्टर कुठल्या तोंडाकडे बघतोय ते, तपासा. केबल एचडीएमआय २ मध्ये (एचडीएमआय म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणारी डिजिटल जोडणी) आणि प्रोजेक्टर बघतोय कॉम्प्युटर १ कडे, हा प्रकार फार होतो, कारण आधीच्या तासाला कुणीतरी दुसऱ्या केबलवर पेन ड्राइव्हची पेटी लावलेली असते. रिमोटचा सेल गेला असेल तर प्रोजेक्टरच्या अंगावरही तेच बटण असतं. टेबलावर चढायची तयारी ठेवा. काही प्रोजेक्टरना व्हीजीएची, म्हणजे निळ्या तोंडाच्या जुन्या केबलची, दोन तोंडं असतात, त्यातलं एक 'मॉनिटर आउट' म्हणजे बाहेर जाणाऱ्या चित्राचं. दिसायला दोन्ही सारखीच. त्यात केबल लावली तर वर्षभर 'नो सिग्नल'च दिसेल.

पडदा काळा आहे पण त्यावर कसलाच मेसेज नाही, ही वेगळी गोष्ट. इथं सिग्नल बहुधा पोचलेला असतो आणि लॅपटॉपच काळं पाठवत असतो. आणि पडद्यावर नुसतं वॉलपेपर आहे, आयकॉन नाहीत, माऊस नाही, तर अभिनंदन, काहीही बिघडलेलं नाही. लॅपटॉप 'एक्स्टेंड' वर आहे, म्हणजे प्रोजेक्टरला त्यानं दुसरं टेबल समजून कोरं मांडून ठेवलंय.

विंडोज आणि पी

विंडोजचं बटण दाबून धरा आणि पी दाबा. बाजूला चार पर्याय येतात: फक्त लॅपटॉप, डुप्लिकेट, एक्स्टेंड, फक्त दुसरी स्क्रीन. विंडोज ७ पासून ही सोय आहे, त्यामुळे शाळेतल्या जुन्या लॅपटॉपवरही चालते. एफएन धरून वरच्या ओळीतलं स्क्रीनचं चित्र असलेलं बटण दाबलं तरी तेच होतं, पण ते बटण प्रत्येक कंपनीनं वेगळ्या ठिकाणी ठेवलंय, म्हणून मी सगळ्यांना विंडोज-पी च सांगतो.

वर्गासाठी डुप्लिकेट सोपं: जे तुम्हाला दिसतं तेच मुलांना. त्याची किंमत एकच, तुमचं व्हॉट्सॲपही मुलांना दिसतं. इतिहासाच्या तासाला बहिणीनं पाठवलेला पैठणीचा फोटो पडद्यावर सहा फूट रुंद झाला की पुढचा इतिहास कुणी ऐकत नाही. एक्स्टेंडमध्ये ही भीती नाही, पण खिडकी पलीकडे न्यावी लागते. विंडोज आणि शिफ्ट धरून उजवा किंवा डावा बाण दाबला की उघडी खिडकी दुसऱ्या स्क्रीनवर उडी मारते. माऊसनं ओढत बसायची गरज नाही. पॉवरपॉइंट एक्स्टेंडमध्ये कधीकधी उलटं वागतं. नोट्स मुलांसमोर आणि स्लाइड तुमच्यासमोर. नोट्सच्या खिडकीत वर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये 'स्वॅप' आहे, ते दाबा. हे नकोच असेल तर 'स्लाइड शो' टॅबमधली 'प्रेझेंटर व्ह्यू' ची खूण काढून टाका.

'फक्त दुसरी स्क्रीन' हा पर्याय मी कुणालाच वापरू देत नाही. प्रोजेक्टर बंद केला, केबल तशीच राहिली, की लॅपटॉपचा पडदा काळाच राहू शकतो आणि माणूस लॅपटॉप मेला म्हणून दुकानात घेऊन जातो. केबल काढली की स्क्रीन परत येते.

चारही पर्याय करून बघितले, तरी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये दुसरी स्क्रीन दिसतच नाही? तिथं खाली 'डिटेक्ट' आहे, ते दाबा. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होते, बारीक आवाज येतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवरचं चित्र चालवणारं सॉफ्टवेअर) नव्यानं सुरू होतो. चालू असलेली फाइल जात नाही. त्यानंही नाही झालं तर लॅपटॉप 'रीस्टार्ट' करा. शट डाउन करून परत चालू करणं वेगळं, कारण विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप' मुळे शट डाउन केलेला लॅपटॉप पूर्ण झोपत नाही, जुनी अडचण बरोबर घेऊनच उठतो.

नुकताच लॅपटॉप फॉरमॅट मारून आणला असेल तर आणखी एक जागा बघा. स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले ॲडॉप्टर्स. तिथं इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाचं नाव हवं. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर' लिहिलेलं असेल तर ड्रायव्हर घातलेलाच नाही. त्या अवस्थेत लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन चालते, बाहेरची नाही. इंटरनेट जोडून विंडोज अपडेट चालवा किंवा कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर टाकून ड्रायव्हर उतरवा. 'फॉरमॅट केल्यापासून प्रोजेक्टर चालंना' अशी तक्रार आली की मी थेट इथंच जातो.

मधली केबल

आता खरा संशयित. लॅपटॉप नवा, प्रोजेक्टर महागाचा, आणि त्या दोघांना जोडणारी केबल मात्र भिंतीतून गेलेली, प्लास्टर करून बुजवलेली, कुणी घातली ते आठवत नसलेली. तिच्यावर कुणी संशय घेत नाही, कारण ती दिसत नाही. माझा हिशेब उलटा आहे: पडदा 'नो सिग्नल' म्हणतोय आणि सोर्स बरोबर आहे, तर आधी भिंतीतल्या केबलला बाजूला काढायचं. एक दीड-दोन मीटरची, चालते म्हणून खात्री असलेली एचडीएमआय केबल बॅगेत ठेवा. तीच केबल लावून लॅपटॉप मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या टीव्हीला जोडा. चित्र आलं तर लॅपटॉप निर्दोष. मग त्याच केबलनं लॅपटॉप थेट प्रोजेक्टरला जोडा. तिथंही आलं तर उरली ती भिंत. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्यानंतर निदान भांडण कुणाशी आहे ते कळतं.

व्हीजीए अजून बऱ्याच वर्गांत आहे. निळ्या तोंडाची, तीन ओळींत पाच-पाच अशी १५ पिनांची. आयबीएमनं १९८७ मध्ये आणलेली ही जोडणी, आणि तिच्यातून फक्त चित्र जातं, आवाज नाही. तिची एक गोष्ट मला आवडते: बिघडली तर रंगानं सांगते. लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग पहिल्या ओळीतल्या पहिल्या तीन पिनांतून वेगवेगळे जातात. पडदा पिवळा पडला तर निळा रंग पोचत नाहीये. सगळं गुलाबी-जांभळं दिसलं तर हिरवा गेला. आकाशी छटा आली तर लाल. अशा वेळी प्रोजेक्टरच्या मेनूत जाऊन रंग बदलत बसू नका. केबलचं तोंड उजेडात धरा आणि पिना बघा. एखादी आडवी झालेली दिसेल. संपलेल्या बॉलपेनची पितळी टोक काढलेली रिकामी रिफिल त्या पिनेवर हलकेच चढवायची आणि सरळ उभी करायची. चिमट्यानं ओढली तर मोडते. आणि हो, मधल्या ओळीतली शेवटून दुसरी पिन नसेल तर घाबरू नका, बऱ्याच केबलमध्ये ती मुळातच घातलेली नसते.

खालच्या ओळीतल्या पिना वाकल्या तर वेगळाच प्रकार होतो. प्रोजेक्टर आपल्याला कुठलं रिझोल्युशन (चित्रातले आडवे-उभे ठिपके किती) चालतं हे त्यातल्या दोन पिनांतून लॅपटॉपला कळवत असतो. ते कळलंच नाही तर लॅपटॉप त्याला अनोळखी मॉनिटर समजतो आणि मोठं, फुगलेलं, अस्पष्ट चित्र पाठवतो. दोन पडद्यांना एक चित्र देणारा स्वस्तातला स्प्लिटर मध्ये असला तरी हे घडतं. तिथं क्रम पाळून बघा: आधी प्रोजेक्टर चालू करा, मग स्प्लिटर, सगळ्यात शेवटी लॅपटॉपची केबल लावा.

एचडीएमआय रंग बदलून सांगत नाही. ती एकतर चालते, नाहीतर त्रास देते. पडद्यावर पांढरे ठिपके चमकणं, दर थोड्या वेळानं चित्र सेकंदभर जाऊन परत येणं, केबल जरा हलवली की येणं, ही सगळी थकलेल्या किंवा गरजेपेक्षा लांब केबलची लक्षणं. छतावरच्या प्रोजेक्टरपर्यंत टेबलावरून भिंत चढून जायचं म्हटलं की दहा-पंधरा मीटर सहज लागतात, आणि एवढ्या लांबीला साधी केबल धापा टाकते. खात्री करायची युक्ती सोपी आहे. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये प्रोजेक्टरची स्क्रीन निवडा आणि रिझोल्युशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० करा. केबलवरचा भार निम्म्यावर येतो. ठिपके थांबले तर दोष केबलचा, शंका नको. शिकवण्यापुरतं ७२० वर वर्ष काढता येतं. पाठ्यपुस्तकाचं पान त्यावर स्वच्छ वाचता येतं.

नवी लांब केबल घालायचं ठरलं तर 'ॲक्टिव्ह' (आत सिग्नल वाढवणारी चिप असलेली) किंवा फायबरची घ्या आणि भिंतीत घालण्याआधी जमिनीवर पसरून चालवून बघा. या केबलना दिशा असते. एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं, उलटी गेली तर चित्र येत नाही. गवंड्यानं प्लास्टर केल्यावर हे लक्षात येणं फार महागात पडतं. शक्यतो प्लास्टर नकोच, बाहेरून प्लास्टिकची पट्टी मारा. उंदरानं कुरतडली तरी बदलता येते.

कन्व्हर्टर घेताना

नव्या लॅपटॉपला व्हीजीए नाही आणि जुन्या प्रोजेक्टरला एचडीएमआय नाही, मग मध्ये कन्व्हर्टर येतो. कोल्हापुरात राजारामपुरीत दुकानात गेल्यावर नुसतं 'एचडीएमआय-व्हीजीए द्या' म्हणू नका. दोन्ही दिशांचे कन्व्हर्टर दिसायला जुळे असतात आणि शेजारीच लटकवलेले असतात. आपल्याला लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून निघून प्रोजेक्टरच्या व्हीजीएत जायचंय. म्हणजे लॅपटॉपमध्ये घुसणारं टोक एचडीएमआयचं हवं आणि दुसरीकडे व्हीजीएची केबल आत घेणारं तोंड. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला व्हीजीए असलेली, आत चिप नसलेली नुसती केबल घेऊ नका. एकीकडे डिजिटल आणि दुसरीकडे ॲनालॉग, तारा जोडून ते होत नाही.

कन्व्हर्टर लॅपटॉपच्या एचडीएमआयमधूनच वीज घेतो, आणि ती अगदी थोडी असते. चित्र येऊन जात असेल, कन्व्हर्टर हाताला गरम लागत असेल, तर ज्याला बाजूला यूएसबीनं वीज द्यायची सोय आहे तो घ्या. कानाच्या जॅकचं छोटं भोक असलेला मिळाला तर उत्तम, आवाजाचा प्रश्नही सुटतो.

टाइप-सी बद्दल फार गैरसमज आहे. तोंड टाइप-सी आहे म्हणून त्यातून चित्र निघेलच असं नाही. स्वस्त लॅपटॉपवर ते पुष्कळदा फक्त पेन ड्राइव्ह आणि चार्जिंगपुरतं असतं. तोंडाशेजारी विजेचं चिन्ह किंवा डिस्प्लेपोर्टचं 'डी' सारखं चिन्ह असेल तर आशा आहे. नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघा आणि मगच कन्व्हर्टर घ्या. टाइप-सी मधून चित्र न देणाऱ्या लॅपटॉपला कितीही भारी कन्व्हर्टर लावला तरी उपयोग नाही.

'आउट ऑफ रेंज' आणि दाबलेलं चित्र

'आउट ऑफ रेंज' असा मेसेज आला तर आनंद माना, कारण केबल चालते आहे. लॅपटॉप प्रोजेक्टरला झेपणार नाही असं चित्र पाठवतोय एवढंच. वर्गातले बरेच जुने प्रोजेक्टर मुळात १०२४ × ७६८ चे आहेत, नंतरचे १२८० × ८०० चे. खोक्यावर '१०८० पी सपोर्ट' छापलेलं असतं त्याचा अर्थ तेवढं चित्र तो घेऊ शकतो, दाखवताना मात्र आपल्या मापाला आकसून लहान करतो. आणि मग बारीक अक्षरं पुसट दिसतात म्हणून आपण फोकस फिरवत बसतो. प्रोजेक्टरचं मूळ माप मेनूत किंवा पुस्तिकेत 'नेटिव्ह' शब्दाशेजारी असतं. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये तेच ठेवा. लॅपटॉप १२० किंवा १४४ हर्ट्झचा (सेकंदाला तेवढी चित्रं दाखवणारा) असेल तर ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन प्रोजेक्टरसाठी ६० करा. इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे बोटानं चालणारे टीव्हीसारखे मोठे पडदे, बहुतेक ४-के (१०८० च्या चौपट ठिपक्यांचे) असतात आणि जुना लॅपटॉप त्यांना ४-के पाठवायला जातो, पण सेकंदाला ३० चित्रांवर अडकतो. माऊस चिखलातून चालल्यासारखा वाटला तर हेच कारण. १९२० × १०८० आणि ६० वर आणा, लगेच हलका होतो.

पॅनेलवर चित्र आहे, बोटाला मात्र दाद नाही

स्मार्ट पॅनेल आल्यापासून तक्रारींचा सूर बदललाय. "सर, दिसतंय पण हात लावला तर हलंना." यात पहिला प्रश्न: पॅनेलपासून लॅपटॉपपर्यंत किती केबल आल्यात? एकच असेल तर उत्तर मिळालं. एचडीएमआय चित्र पॅनेलकडे नेते. बोटाची हालचाल परत लॅपटॉपकडे आणायला वेगळी यूएसबी केबल लागते. पॅनेलच्या बाजूला किंवा खाली 'टच' लिहिलेलं चौकोनी तोंड असतं, प्रिंटरला असतं तसं. केबलचं तिकडचं टोक चौकोनी आणि लॅपटॉपकडचं नेहमीचं चपटं. दुसरी गोष्ट, ही तोंडं जोडीनं असतात. एचडीएमआय १ बरोबर टच १, एचडीएमआय २ बरोबर टच २. चित्र दोनमधून आणि टच एकमधून लावला तर चित्र झकास आणि टच मुका. बरं, साधी यूएसबी केबल पाच मीटरपर्यंतच भरवशाची. पॅनेल एका भिंतीला आणि टेबल दुसऱ्या कोपऱ्यात असेल तर मध्ये ॲक्टिव्ह एक्स्टेन्शन घाला किंवा टेबल हलवा. टेबल हलवणं स्वस्त.

तिसरा प्रकार मजेशीर आहे. पॅनेलवर बोट ठेवलं की लॅपटॉपच्या स्क्रीनवरचा माऊस हलतो. एक्स्टेंडमध्ये विंडोजला कळत नाही की स्पर्श कुठल्या स्क्रीनचा आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये 'टॅब्लेट पीसी सेटिंग्ज' शोधा. टचची यूएसबी जोडलेली असेल तरच ते दिसतं. त्यात 'सेटअप' दाबा. स्क्रीन पांढरी होते आणि 'या स्क्रीनला स्पर्श करा' अशा अर्थाचं वाक्य येतं. ते लॅपटॉपवर आलं तर काही करू नका, फक्त एंटर दाबा, म्हणजे वाक्य पॅनेलवर जाईल. तिथं बोट टेकवा. घाईत डुप्लिकेट केलं तरी चालतं.

जुन्या पद्धतीचा पांढरा बोर्ड आणि वरून प्रोजेक्टर असेल तर बोट एकीकडे आणि रेघ वीतभर बाजूला, ही तक्रार येते. पंख्यानं किंवा दार आपटून प्रोजेक्टर जरा सरकलेला असतो. बोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॅलिब्रेट' करून फुल्यांवर क्रमानं टोक टेकवा. प्रोजेक्टरचा स्टँड आधी घट्ट करा, नाहीतर सोमवारी परत तेच.

आणि कुणी हात लावलेला नसताना आपोआप रेघा उमटतात, पानं उलटतात, मुलं 'भूत भूत' ओरडतात, तेव्हा? बऱ्याच पॅनेलच्या चौकटीत अवरक्त किरणांची जाळी असते. किरण मध्ये अडला की पॅनेलला वाटतं बोट आलं. खालच्या कडेला साचलेली खडूची पूड, चौकटीवर बसलेली पाल, पावसाळ्यात उजेडाला येणारे किडे, सगळे त्याला बोटच वाटतात. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतर थेट ऊन चौकटीवर पडलं तरी टच बावचळतो. पॅनेल बंद करून कोरड्या मऊ कापडानं चारी कडा पुसा आणि खिडकीला पडदा लावा.

आवाज, आणि वायरशिवाय

एचडीएमआय लावली की विंडोज आवाजही तिकडेच पाठवतो. प्रोजेक्टरला स्पीकर नसेल किंवा अगदी किरकोळ असेल तर दीक्षा या शिक्षणाच्या ॲपवरचा व्हिडिओ मुका वाटतो. खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट बदला आणि वर्गातला स्पीकर लॅपटॉपच्या जॅकला लावा. एवढंच.

वायरशिवाय जोडायला विंडोज आणि के. लॅपटॉपचं वाय-फाय चालू हवं, इंटरनेट नसलं तरी चालतं. पॅनेलचं स्वतःचं शेअरिंग ॲप वापरत असाल आणि त्याचा कोड लॅपटॉप घेत नसेल तर दोघं वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत का बघा. दोघांना एकाच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या. मी स्वतः तासाला वायरच वापरतो. शेजारच्या वर्गातल्या मॅडमचा पाढ्यांचा व्हिडिओ आपल्या पॅनेलवर उमटल्यावर कुणीही तेच करेल.

पाऊस आणि अर्थिंग

उन्हाळी सुट्टी संपून जूनच्या मध्यात शाळा उघडते आणि त्याच सुमारास आपल्याकडे पाऊस धरतो. महिना-दीड महिना न वापरलेली केबल आणि दमट हवा, गगनबावडा-राधानगरीकडे तर विचारूच नका. पिनांवर ओल बसते, गंज चढतो. पहिल्या आठवड्यात 'मेपर्यंत चालत होतं' अशा तक्रारी येतात त्या यामुळे. वीज बंद ठेवून केबलचं तोंड चार-पाच वेळा आत-बाहेर करा, पुष्कळदा तेवढ्यानं संपर्क मोकळा होतो. नाही झालं तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मिळतो. खोबरेल तेलाचं बोट लावणारे मी पाहिलेत. कृपा करून नको. सुट्टीत प्रोजेक्टरवर प्लास्टिक बांधायचं असेल तर आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

अर्थिंग हा त्याहून दुर्लक्षित भाग. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? व्हीजीएच्या चित्रावर आडवे पट्टे सावकाश वर सरकतात? चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. पट्टे गायब झाले तर केबल बदलू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकाला वायरच नसते. तोवर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर एकाच बोर्डावरून चालवा, आणि एचडीएमआय आधी जोडून मग दोन्ही चालू करा. अर्थिंग नसलेल्या ठिकाणी चालू यंत्रांत केबल खुपसताना एचडीएमआयचं पोर्ट कायमचं जाऊ शकतं. पट्टे जावेत म्हणून चार्जरची तिसरी पिन तोडणं हा उपाय नाही, तो धोका आहे.

तंत्रज्ञाला बोलावताना

'चालत नाही' एवढंच सांगितलं तर तो येतो, आपल्या केबलनं लावून दाखवतो, 'चालतंय की' म्हणतो आणि भेटीचे पैसे घेऊन जातो. फोनवर आधीच सांगा: पडद्यावर काय लिहून येतं, त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो; कुठलं सोर्स निवडलंय; छोट्या केबलनं थेट जोडल्यावर चित्र येतं की नाही; दुसरा लॅपटॉप लावून काय झालं. यंत्राच्या मागचा मॉडेल आणि सीरियल नंबर, खरेदीच्या पावतीची तारीख हेही तयार ठेवा. यंत्र लोकवर्गणीतून किंवा देणगीतून आलं असेल तर पावती बहुधा देणाऱ्याच्याच घरी राहिलेली असते. ती वॉरंटी संपायच्या आत मागून फाइलला लावा. आणि वॉरंटीत असेपर्यंत झाकणाचा स्क्रू कुणी उघडू नये, शाळेतल्या सगळ्यात हुशार माजी विद्यार्थ्यानंही नाही.